सुनेने लावलेली सवय

टोमणा मारला की सुनेने उलटून बोलावं, निदान भांडं तरी आपटावं. आमची रुचिता काहीच करत नाही. मी तिच्या माहेराला नावं ठेवली की ती कणीक मळत राहते, जशी मी घरात नाहीच. डोंबिवलीच्या या घरात माझ्या शब्दाला घाबरणारे पुष्कळ झाले, पण ऐकूनच न घेणारी ही पहिली.

ठाण्याला मानसशास्त्र शिकायला जाते. विनीतने, माझ्याच लेकाने, डोक्यावर चढवलीय.

तिचे वडील मारुतीराव खडवलीला एकटेच असतात. पायाचं ऑपरेशन झालंय, करणारं कोणी नाही. आमच्यात मुलीचा बाप तिच्या सासरी मुक्काम करत नाही. तरी गेल्या आठवड्यात मीच म्हणाले, "इकडे घेऊन ये त्यांना." शेजारच्या मंदाकिनीला माझं हे मोठेपण सांगूनही आले.

काल तिची मैत्रीण आसावरी परीक्षेचा अभ्यास करायला आली. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. रुचिता तिला आतल्या खोलीत समजावत होती.

"प्रबलन म्हणजे, हवं तसं वागलं की लगेच आवडीचं काहीतरी द्यायचं. मग माणूस पुन्हा तसंच वागतो. आई माझ्या माहेराबद्दल बरं बोलल्या की मी घावणे करते."

"आणि वाईट बोलल्या तर?"

"बघायचंसुद्धा नाही. ते विलोपन. लक्ष मिळालं नाही की सवय विझते. फक्त विझायच्या आधी भडकते. गणपतीत किती बोलायच्या, सांगितलेलं ना तुला?"

"आणि ते आकारण?"

"एकदम मोठं मागायचं नाही गं. आधी 'खडवलीची भाजी ताजी असते' एवढ्यावर घावणे. नंतर बाबांची चौकशी केली तरच. आता बघ, त्यांनीच बाबांना बोलावलं."

आसावरी हसली. "सासू आहे की प्रॅक्टिकल?"

मी त्यांना बोलावलं त्या संध्याकाळी नारळाच्या रसातले घावणे होते. मला वाटलेलं, पोरीला माझी माया लागली. सर्कशीतल्या वाघिणीला तरी चाबूक दिसतो. मला तर काहीच दिसलं नाही. मारुतीरावांना मी बोलावलं, का माझ्या जिभेने परस्पर बोलावलं, तेच कळेना.

उठून दारात उभी राहिले. आसावरीने पर्स उचलली आणि चप्पल घातली. रुचिता उठून पुढे आली.

"आई, मला काय ते बोला. बाबांना नाही म्हणू नका."

"सरळ विचारायला काय झालेलं?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

म्हणाले असते. तिचं ते बोलणं खरं होतं, आणि घावण्यांपेक्षा तेच मला जास्त लागलं. मी पदराने हात पुसले.

मग मी म्हणाले, "तुझे बाबा रविवारी येतील आणि धड चालायला लागेपर्यंत इथेच राहतील. आता हे मी सगळं ठाऊक असून बोलतेय, म्हणजे हा शब्द माझा. पण रुचिता, तू मला माणसातून उठवलंस. यापुढे काय हवं ते तोंडाने मागायचं, मी नाही म्हटलं तर भांडायचं. पण माझ्या तोंडावर भांडायचं."