घासलेला दात

"हा कुणी धुतला?" डॉक्टरबाईंनी रुमालातला दात उजेडात धरून विचारलं.

"मीच की!" आई म्हणाली. "मातीत पडला होता हो. ब्रशनं, साबण लावून चांगला घासला. कण राहू दिला नाही."

प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुण्यात तिची बारा वर्षं गेली होती. तिनं धुतलेली नळी पुन्हा कुणी तपासायचं नाही, असा तिथला शिरस्ताच होता. सात वर्षांची चिमी झोपाळ्यावरून तोंडावर आपटली, पुढचा नवाकोरा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तेव्हाही आईचे हात सवयीनं नळाकडेच गेले.

"ताई, याचं मूळ अजून पुरतं वाढलेलं नाही. त्यावर पातळ जिवंत साल असते, तीच खरवडली गेली. नुसता दुधात टाकून आणला असतात तर..."

"मग आता?"

"परत बसवते, तारेनं बांधते. आत रक्त फिरलं तर मूळ वाढेल. नाहीतर झिजत जाईल आणि दात हातचा जाईल. आशा थोडीच आहे."

आईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! पुढे तिनं पोरीला डोळ्यांत तेल घालून जपलं, घास घास कुस्करून भरवला. रोज विचारायची, "दातात काही वाटतं का गं?" चिमी म्हणायची, "वाटतंय थोडं." तेवढ्यावर आईचा दिवस निघायचा.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी तपासायला घेतलं. "दात जिवंत असला तर त्याला गार लागेल. लागलं की हात वर करायचा हं."

कापूस दाताला टेकला. चिमीचा हात वर गेला.

"अगंबाई! लागलं तिला!" आईला रडूच फुटलं. "मी म्हणतच होते!"

डॉक्टरबाईंनी तो कापूस आईच्या तळहातावर ठेवला. कोरडा ठणठणीत होता. "गार औषध अजून लावलंच नव्हतं, ताई. आधी असं बघावं लागतं. लेकरं आईच्या मनासारखं बोलतात."

आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चिमी तिच्याकडेच बघत होती.

"खरं सांग, बाळा," आई म्हणाली. "मी रागावणार नाही."

"रडणार पण नाहीस ना?"

"नाही."

डॉक्टरबाईंनी दुसरा कापूस औषधात भिजवून दाताला लावला, बराच वेळ धरून ठेवला. गार काही लागेना. आईवरची नजर न काढता चिमीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.