परतीची जागा

मी एक जुना ड्रोन आहे. मित्रांनो, हे ऐकून लगेच वर आकाशात शोधू नका. मी सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर बसलेला असतो. माझ्या चार हातांपैकी एक मोडला आहे. पाठीवर धूळ बसते, पण ती दर रविवारी पुसली जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, आणि ती समजायची तर तुम्हाला माझी सगळी हकिगत ऐकावी लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही शेकडो भाऊ रांगेत बसलो होतो, आणि कोण कुठला हे आमचं आम्हालाही कळत नव्हतं. शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या मुलीने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि खोक्यात घातलं. ते खोकं पुढे उघडलं आईने. ती भिंगरीची आई. भिंगरी म्हणजे तिची मुलगी, तेव्हा सात वर्षांची, एका जागी बसायचं नाव नाही म्हणून हे नाव पडलेली. त्या घरात भिंगरीचे बाबासुद्धा तिला आईच म्हणत, मग मीही म्हणू लागलो.

आई छपरं तपासण्याचं काम करायची. गोदामांची पत्र्याची छपरं, पाण्याच्या उंच टाक्या, जुनी धुराडी. कुठे तडा गेला आहे, कुठे गंज चढला आहे, हे पाहायला पूर्वी माणसं शिड्या लावून चढत आणि कधीकधी पडत. माझ्यामुळे कुणाला चढावं लागेना. एकदा एका शाळेवरच्या टाकीच्या तळाला केसाएवढा तडा मी दाखवला. दुसऱ्याच दिवशी टाकी रिकामी केली गेली आणि शाळेच्या शिपायाने मला हात जोडून नमस्कार केला. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. आई मात्र म्हणाली, "फार शेफारू नकोस. उद्या पुन्हा गोदाम आहे."

सुट्टीच्या दिवशी ती मला घराच्या गच्चीवर नुसतं उडवायला न्यायची. गच्चीवर तिने पिवळ्या तैलरंगाने एक वर्तुळ काढलं होतं, बादली उपडी ठेवून, तिच्या कडेने. त्यात मला ठेवायचं आणि थांबायचं. मित्रांनो, आम्हा ड्रोनांना उडण्याआधी आकाशातले उपग्रह शोधावे लागतात. ते पुरेसे सापडले की आपण कुठे उभे आहोत हे आम्हाला कळतं, आणि आम्ही ती जागा लक्षात ठेवतो. मग वाटेत हरवलो, रिमोटशी संबंध तुटला, तरी आम्ही आपले आपण त्या जागी परत येतो. मला याला दीड मिनिट लागायचं. दीड मिनिट आई कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मग रिमोटमधली बाई ठसक्यात म्हणायची, "परतीची जागा नोंदवली."

तरीही आईचं समाधान व्हायचं नाही. ती वाकून माझ्या पाठीवर हात ठेवायची आणि विचारायची, "बघून ठेवलंस ना?"

मला बोलता येत नाही, म्हणून माझ्या वतीने भिंगरी ओरडायची, "ठेवलं!" मगच मी उडायचो. आमच्या साऱ्या उड्डाणांत हे एकदाही चुकलं नाही.

पुढे आई आजारी पडली. आधी कामं कमी झाली, मग बंद झाली. दवाखान्यातून ती एकदा चार दिवसांसाठी घरी आली होती, तेव्हा बाबांनी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि खुर्चीत बसवलं. तिने मला वर्तुळात ठेवायला लावलं. दीड मिनिट गेलं. "बघून ठेवलंस ना?" तिने बसल्याबसल्याच विचारलं, कारण वाकणं तिला जमत नव्हतं. भिंगरी "ठेवलं!" म्हणाली. मी सरळ वर गेलो, जरा वेळ थांबलो आणि सरळ खाली आलो. ते आमचं शेवटचं उड्डाण होतं.

आई गेली तेव्हा भिंगरी मावशीकडे होती. दवाखान्याची धावपळ नको म्हणून तिला आधीच तिकडे पाठवलं होतं, आणि सगळं झाल्यावरही ती दोन महिने तिथेच राहिली. तेवढ्या दिवसांत बाबांनी घर विकलं. मी त्यांना दोष देत नाही, कारण तेव्हा मी त्याच घरात होतो. संध्याकाळी कामावरून आले की ते दार उघडायचे आणि उंबऱ्यातच उभे राहायचे. आत पाय टाकवायचा नाही. आईची कामाची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला तशीच लटकत होती. एक दिवस त्यांनी ती काढली, माझ्याबरोबर खोक्यात भरली आणि आम्हाला शहराच्या दुसऱ्या भागात, या तिसऱ्या मजल्यावर आणलं.

भिंगरी मावशीकडून परतली ती थेट इथे. तिने विचारलं, "आपलं घर?"

बाबा म्हणाले, "ते कुलूप लावून ठेवलंय गं. तू जरा मोठी हो, मग जाऊ."

मी खोक्यात होतो. मला खरं माहीत होतं, पण माझं ऐकणार कोण? भिंगरीने मान हलवली. तिच्याकडे त्या घराची स्वतःची किल्ली होती. आई कामावर असे तेव्हा शाळेतून येऊन दार उघडायला दिलेली, लाल दोऱ्यात ओवलेली. ती तिने कंपासपेटीत जपून ठेवली. ती परत मागायचं बाबांच्या ध्यानात आलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

वर्षभर मी खोक्यात पडून होतो. मग भिंगरीचा दहावा वाढदिवस आला आणि तिने एकच गोष्ट मागितली, की मला उडवायचं. बाबा आम्हाला इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेले. त्यांनी मला जमिनीवर ठेवलं आणि लगेच उडवायला घेतलं. रिमोटमधली बाई सांगत होती, थांबा, उपग्रह सापडलेले नाहीत. बाबा म्हणाले, "ही बाई फार बोलते," आणि त्यांनी तिचा आवाज बंद केला.

"बाबा, आई थांबायची," भिंगरी म्हणाली.

"अगं, नुसतं वर-खाली तर करायचंय."

पण वाढदिवसाच्या उत्साहात वर-खालीवर भागलं नाही. बाबांनी मला लांब पिटाळलं. तोवर मला उपग्रह सापडले होते, पण एकदा उडाल्यावर नवी जागा नोंदवता येत नाही. मी एका उंच इमारतीमागे गेलो आणि रिमोटशी संबंध तुटला. अशा वेळी काय करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. उंच व्हायचं आणि परतीच्या जागेकडे निघायचं. माझ्याजवळ एकच जागा नोंदलेली होती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ओळखीची छपरं दिसू लागली. ते गोदाम, ती शाळा, ती नवी बांधलेली टाकी. मग आमची गच्ची. मी नेमका वर्तुळावर आलो आणि उतरू लागलो, पण वर्तुळावर आता कुणीतरी कुंड्या मांडल्या होत्या. एक कुंडी फुटली आणि माझा हात मोडला. तरी मी परत आलो होतो, आणि मला वाटलं, मी माझं काम चोख केलं.

मला उचललं त्या घराच्या नव्या मालकिणीने. त्या निवृत्त नर्स होत्या आणि एकट्या राहत होत्या. फुटलेल्या कुंडीबद्दल थोडं पुटपुटल्या, पण मग मला पुसून पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. फाटकावर त्यांनी कागद चिकटवला, "कुणाचं तरी छोटं विमान गच्चीवर पडलं आहे. बेल वाजवावी आणि घेऊन जावं." माझा जीव भांड्यात पडला. खिडकीतून फाटक दिसत होतं आणि आत दाराजवळचा आईचा खिळाही दिसत होता. त्याला आता छत्री टांगलेली होती.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. रिमोटच्या पडद्यावर माझी परतीची जागा कुठली ते दिसत होतं. ते पाहून भिंगरीने उडीच मारली. "बाबा, ते आपल्याच घरी गेलं! त्याच्या लक्षात आहे!" बाबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, उद्या जाऊ.

दुसऱ्या दिवशी ते आले, एकटेच. त्यांनी कागद वाचला, बेलपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. मी खिडकीत होतो, दहा पावलांवर. त्यानंतरच्या दिवशी डोक्यावरचं हेल्मेटही न काढता ते फाटकासमोर उभे राहिले आणि निघून गेले. चौथ्या दिवशी तसंच. मला घरी नेलं तर भिंगरी विचारणार, दार कसं उघडलंस, आत काय काय होतं, मला का नाही नेलंस. एक खोटं झाकायला त्यांना रोज नवं खोटं शोधावं लागत होतं. तो रस्ता खणलाय. किल्ली सापडत नाही.

किल्ली सापडत नाही म्हटल्यावर भिंगरीला वाटलं, एवढंच ना?

पाचव्या दिवशी दुपारी ती शाळेतून परस्पर आली, दप्तरासकट. फाटकावरच्या कागदाकडे तिने पाहिलंही नाही. आपल्याच घराच्या फाटकावर कोण काय वाचतं? तिने कंपासपेटीतून किल्ली काढली आणि दाराच्या कुलपात घातली. ती फिरेना. तिने ती फ्रॉकला घासली, उलटी करून पाहिली, पुन्हा घातली. मित्रांनो, मी बरीच वादळं पाहिली आहेत, पण त्या किल्लीचा तो खुडखुड आवाज मला अजून सहन होत नाही.

दार आतून उघडलं.

"कोण गं तू?" नर्सबाईंनी विचारलं.

"तुम्ही कोण? आमच्या घरात काय करताय?"

नर्सबाईंनी तिच्या हातातली किल्ली पाहिली आणि त्या खाली उंबऱ्यावरच बसल्या, तिच्या उंचीला येऊन. "बाळा, हे घर मी घेतलंय. वर्ष झालं. तुला कुणी सांगितलं नाही का?"

भिंगरी रडली नाही. तिने आत पाहिलं. भिंतींचा रंग, छत्री, मग खिडकीतला मी. तिने मला उचललं आणि विचारलं, "गच्चीवर जाऊ?"

गच्चीवर तिने एकेक कुंडी बाजूला सरकवली. नर्सबाई मदत करत होत्या. खाली पिवळं वर्तुळ होतं, अर्धं पुसलेलं. तिने मला त्यात ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून थांबली. दीड मिनिट. मग ती वाकली, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बघून ठेवलंस ना?"

आजवर उत्तर ती द्यायची. आता ती विचारणारी झाली होती आणि उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. माझ्यात काडीचीही वीज उरली नव्हती. एक दिवा जरी लुकलुकवता आला असता, तरी मी स्वतःला धन्य मानलं असतं.

शाळेत ती सापडली नाही तेव्हा कुठे जायचं हे बाबांना विचारावं लागलं नाही. ते धापा टाकत गच्चीच्या दारात आले. भिंगरीने मान वर केली नाही.

"बाबा, तू मला का नाही सांगितलंस?"

"आई गेली तेच तुला कसं सांगितलं, माझं मला माहीत. त्यात घरही... माझ्या तोंडून निघेचना."

"मावशीकडे जाताना मी घराला 'येते' म्हणाले होते," ती म्हणाली. "आईलाही तसंच म्हणाले होते. दोघांनाही मी खोटंच सांगितलं." आणि तेव्हा ती रडली. बाबा तिथेच, कुंड्यांच्या मातीत बसले आणि तेही रडले, हुंदके देऊन, नर्सबाईंच्या देखत.

निघताना तिने किल्ली त्या खिळ्याला अडकवली, छत्रीच्या मागे. "आता ती लागत नाही," ती म्हणाली. नर्सबाईंनी ती तिथेच राहू दिली.

ती बरेच दिवस बाबांशी बोलली नाही. मग एका शनिवारी बाबांनी मला दुरुस्ती करणाऱ्याकडे नेलं, तिलाही बरोबर घेऊन. दुरुस्तीवाला मला उघडून म्हणाला, "हात बसवतो. पण आतली सर्किटची पाटीही बदलावी लागेल. जुनं सगळं पुसलं जाईल, त्याची परतीची जागासुद्धा. मग नव्यासारखा उडेल. करू?"

बाबा तिच्याकडे वळले. "तू सांग."

या वेळी त्यांनी तिला विचारलं. भिंगरीने माझ्या मोडक्या हातावरून बोट फिरवलं. मला उडायचं होतं, मित्रांनो. प्रत्येक ड्रोनला उडायचं असतं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याच्या लक्षात आहे तेवढं राहू दे."

म्हणून मी या फळीवर आहे. आता मी कधीच उडणार नाही. माझ्याजवळ एकच जागा नोंदलेली आहे आणि तिथे मला कुणी बोलावणार नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. आमच्यासारख्यांनी ते सांगायचं असतंच. पण त्याहून एक गोष्ट जास्त सांगायची आहे. घर बदललंत, माणूस गेलं, दाराचं कुलूप बदललं, तर परत येणाऱ्याला सांगा. कितीही जड गेलं तरी, समोर बसून, तोंडाने सांगा. नाहीतर तो जिवाच्या आकांताने येतो आणि जुनीच किल्ली फिरवत राहतो.

रविवारी भिंगरी माझी धूळ पुसते. पुसून झालं की पाठीवर क्षणभर हात ठेवते. विचारत मात्र काही नाही. तरी दर वेळी मी मनातल्या मनात ओरडतो, ठेवलं.