शकीलच्या डोळ्यांतलं काजळ

मी दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता बोलतोय. डोळे तपासतात ना, तोच. माझ्या अंगावर अक्षरं नाहीत, तीन दातांच्या खुणा आहेत. वर एक मोठी, खाली बारीक होत गेलेल्या. इकडचे लोक त्यांना दाताळं म्हणतात. दात ज्या बाजूला, त्या बाजूला तीन बोटं दाखवायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही हे जमतं, याचा मला भारी अभिमान आहे.

मुंबईच्या छापखान्यातून रेल्वेने नंदुरबारला आलो तेव्हा कसा पांढराशुभ्र होतो! पण मला विचारतो कोण? कंपाउंडर सुकलालने माझ्याच खिळ्याला आपली टोपी अडकवली आणि कित्येक वर्षं मी टोपीआडून जग पाहिलं. मग मोटारीचा नवा कायदा आला. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला डॉक्टरचा दाखला हवा म्हटल्यावर टोपी दाराजवळच्या खुंटीवर गेली.

एका सकाळी शकील आला. सारंगखेड्याला प्रवासी नेणारी सर्विस मोटार वीस वर्षं तोच चालवायचा. दाखला नाही मिळाला तर मालक दुसरा ड्रायव्हर ठेवणार होता, म्हणजे घरची चूलच बंद. सोबत आलेली बायको, आयशा, बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि त्याला माझ्यासमोर उभं केलं. पहिली ओळ बरोबर आली. दुसरीला तो अडखळला. तिसरीला बोटं हवेतच राहिली. डॉक्टरांनी जवळ जाऊन पाहिलं तर लोण्यात कालवलेलं काजळ, पापण्यांवर, डोळ्यांत, पार गालापर्यंत.

"डोळे धुऊन या," डॉक्टर म्हणाले.

शकील हलेना. "सायेब, मन्ही घरवालीनी घालेल शे. नजर साफ ऱ्हास म्हने. पुसू नको म्हने."

"चाल भाऊ, मी सांगस तिले," म्हणत सुकलालने तांब्या पुढे केला. डोळे धुतले आणि शकीलने शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड बोटं दाखवली. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली, पण त्यांची नजर त्या काळ्या गालांवरच होती. त्यांनी आयशाला आत बोलावलं. ती भिंत चाचपत आली.

"बाई, तक्त्यावरची मोठी खूण दिसते?"

आयशा सुकलालच्या टोपीकडे तोंड करून म्हणाली, "कोठे शे तक्ता?"

शकील दाखला मेजावर ठेवून तिच्यासमोर आला. वीस वर्षं रस्ता पाहिला बिचाऱ्याने, घरात मात्र पाहायचं राहून गेलं. "कवयपासून?" त्याने हळूच विचारलं.

"दोन बरीस. तू गाडीवर ऱ्हास. तुन्हा जीवले घोर नको."

मोतीबिंदू होता. सुरतेला शस्त्रक्रिया करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. शकीलने तिचा हात धरला आणि दारात म्हणाला, "पायरी शे."

पावसाळा सरल्यावर दोघं पुन्हा आली. आयशाच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता. माझी मोठी खूण तिने तीन बोटांनी दाखवली, बारीक ओळी तिला लागल्या नाहीत. मला काही वाईट वाटलं नाही, कारण तोवर ती शकीलकडे वळली होती.

"केस कवय पांढरा व्हयनात तुन्हा?" ती म्हणाली.

आता मी पिवळा पडलोय, कडा फाटल्यात. माझ्या जागी नवा तक्ता येईल म्हणतात, येऊ दे. तुमच्याकडे मागणं एवढंच. दाखल्यासाठी याल तेव्हा बाकावर बसलेल्या माणसालाही आत बोलवा आणि दोन मिनिटं भिंतीसमोर उभं करा.