मुठीवरचा निळा दोरा

निळा मेणदोरा, उजवीकडून डावीकडे गुंडाळत नेलेला, आणि शेवटी अंगठ्याच्या जागी दाबून बसवलेली गाठ... पेपरातला फोटो अगदीच पुसट होता, पण स्वतःची गाठ माणसाला ओळखू येणार नाही होय? डावखुऱ्या हाताची गाठ. तिचा नवरा हयातभर तिला हसला — हिची सुईसुद्धा उलटी चालते — आणि रिव्हॉल्व्हरची मूठ तडकल्यावर मात्र त्यानं ते गुपचूप, दोऱ्यानं बांधून घ्यायला, तिच्याच शिलाई मशीनवर आणून ठेवलं. बँकेचा रखवालदार होता तो. परवान्याचं हत्यार, जन्मात एकदाही न झाडलेलं.

फोटोखाली छापलं होतं: मृताजवळ सापडलेलं बेकायदा शस्त्र. मृत म्हणजे गल्लीच्या टोकाचा पंक्चरवाला. त्यानं म्हणे ते पोलिसांवर रोखलं, आणि साहेबांना स्वसंरक्षणासाठी गोळी घालावी लागली. साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

कुंपणानंच शेत खायचं आणि वर राखणीचं बक्षीस मागायचं. नवरा गेल्यावर शस्त्रं जमा करण्याची मोहीम निघाली तेव्हा हाच धाकटा दारात येऊन बसला होता. 'ताई, घरात हत्यार म्हणजे नसती ब्याद. तूच आधी दे, म्हणजे लोक देतील.' मग मैदानात मांडव, माईकवर कुणीतरी मंत्री शांततेवर घसा खरवडतोय, आणि ही शहाणी पदर सावरून रांगेत पहिली. टाळ्या वाजल्या. सगळी हत्यारं वितळवणार होते म्हणे. कसली वितळवतात... मेलेल्याच्या हाताशी ठेवायला लागतात ना त्यांना.

खुंटीवर पंक्चरवाल्याच्या मुलीचं दप्तर लोंबत होतं, एक पट्टा लावायचा राहिलेला. त्याची स्कूटर चौकीत अडकवून ठेवली होती, म्हणून तो चौकीसमोर उभा राहून मोठ्यानं बोलला होता. एवढाच त्याचा गुन्हा. माणूस हवा भरायच्या पंपालासुद्धा हळू हात लावायचा.

धाकटा जेवायला आला. बूट दारात न काढता आत, नेहमीसारखा. बाह्या सारून बसला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे गं." बघा, जिभेला चव आहे अजून. लहानपणी शेजारची काच फोडून तो तिच्याच मागे लपायचा आणि आई आली की सगळ्यांत आधी बोट दाखवायचा — तिच्याकडे. तेव्हापासून एवढंच बदललं, अंगावर वर्दी आली. त्या वर्दीला मीच इस्त्री करून दिलीय कितीदा तरी.

पेपर ताटाशेजारीच होता, फोटो वर. तिनं मुद्दाम ठेवला होता. आता याचा घास अडकेल, आता हा पेपर उलटा करील, निदान डोळे तरी चोरील... त्यानं पेपर पाहिला, त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"पंक्चरवाल्याची बायको आली होती का?"

"दप्तर न्यायला येईल."

"चौकशीचे लोक विचारतील गल्लीत. तुला काय, तू आपली शिवत बस."

तो हे हसून, अगदी मायेनं बोलला. म्हणजे चुकून नव्हतं ते. घाईत हाताला लागलं तेच उचललं, दोरा दिसलाच नाही, असं ती सकाळपासून धरून चालली होती; निदान मूर्ख तरी समजत होती त्याला. पण एवढ्या ढिगातून त्यानं हेच निवडलं, कारण ओळखू शकणारं सगळ्या गावात एकच माणूस होतं, आणि ते माणूस तोंड उघडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मी सकाळपासून त्याची किळस करत बसले... आणि मला किळस येईल, एवढंही त्यानं हिशेबात धरलं नव्हतं.

"बटण सुटलंय, ताई. लाव ना." वर्दीचा शर्ट तिच्या मांडीवर टाकून तो पंख्याखाली आडवा झाला, लगेच घोरायलाही लागला.

रिळांच्या डब्यात खाकी दोरा वरच होता. तिनं निळा काढला, दातानं तोडला, डाव्या हातानं ओवला. बटण टाचून तिनं दोरा उजवीकडून डावीकडे गुंडाळला आणि शेवटी अंगठ्यानं दाबून तीच गाठ बसवली. हा उठेल, शर्ट घालेल, आरशात बघेल... आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, या माणसाला आपली भीती वाटली पाहिजे.