गाडी किल्ली ओळखेना

“मिस्त्री कुठे आहेत?” अमनने रत्नाच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे पाहत विचारलं.

“आलेत की,” स्कूटी स्टँडवर चढवत रत्ना म्हणाली.

अमनने पुन्हा एकदा रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. रत्नाने पायाशी ठेवलेली लॅपटॉपची बॅग उचलली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि त्याला फार ताणून न धरता सांगून टाकलं, “मीच मिस्त्री. गाडी कोणती, ही पांढरी?”

हा प्रश्न तिला नवा नव्हता. जळगावात आठवड्यातून दोनदा तरी तो विचारला जायचा. पहिल्या वर्षी तिला राग यायचा, दुसऱ्या वर्षी हसू यायचं, आणि आता चौथ्या वर्षी ती समोरच्याचा चेहरा कसकसा बदलतो ते मजेत पाहायची. दुकानावरची पाटी अजून ‘पितांबर ऑटो इलेक्ट्रिक’ अशीच होती. पितांबर तिचा नवरा. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे असे काही मंदावले, की लाल वायर आणि तपकिरी वायर त्याला एकच दिसायला लागली. एका बोलेरोच्या लाइटचे रंग चुकले, हॉर्न दाबला की वायपर फिरायला लागले, आणि त्या दिवशी त्याने पक्कड खाली ठेवली ती ठेवलीच. वीस वर्षं शेजारी टॉर्च धरून उभी राहिलेली बायको मग टॉर्च ठेवून गाडीखाली शिरली. लॅपटॉप ती शिकली, कान त्याचे राहिले. अजूनही दुरुस्त झालेल्या गाडीचा पहिला आवाज फोनवरून त्याला ऐकवायचा, असा दोघांचा नियम होता.

“ह्यांना बोलावलंत पप्पा?” अमन वडिलांकडे वळून हळूच म्हणाला. रत्नाला ते ऐकू आलं, पण ऐकू न येण्याची तिला चांगली सवय होती.

लालचंदशेठ गाडीजवळच उभे होते. सराफ बाजारातलं दुकान अमनवर सोपवून मोकळे झालेले, सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र झब्ब्यातले. आज त्यांना चाळीसगावला जायचं होतं. त्यांची पत्नी तारादेवी जाऊन आज वर्ष होत होतं, आणि तिच्या माहेरी स्टेशनच्या रस्त्यावर तिच्या नावाची पाणपोई बारा वाजता उघडायची होती. माहेरची माणसं माठ भरून वाट बघत होती.

“काल दुपारी उत्तम चालली,” शेठ म्हणाले. “आज सकाळी किल्ली फिरवली, तर नुसती घुर्र घुर्र करते.”

“मी दुसरी गाडी सांगतो म्हणालो,” अमनने आपली तक्रार मांडली. “पप्पा ऐकतच नाहीत. कंपनीच्या गॅरेजवाल्यांनी फोनवर सांगितलं, हिचा कॉम्प्युटर बदलावा लागेल. टोइंगवाला दहाला येतोय.”

“मी ह्याच गाडीने जाणार,” शेठ म्हणाले. “तुझी आई माहेरी कधी दुसऱ्या गाडीने गेली नाही.”

एवढं म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले. डावीकडच्या सीटवर फुलाफुलांची एक उशी होती. रत्नाने ती पाहिली आणि घड्याळही पाहिलं. सव्वानऊ.

तिने किल्ली फिरवली. इंजिन जोमात फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. समोर किल्लीच्या चित्राचा तांबडा दिवा लुकलुकत होता. स्टिअरिंगखालच्या खोबणीत तिने वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. गाडीतले सगळे लहानमोठे कॉम्प्युटर भराभर हजेरी देऊन मोकळे झाले. एकच, चोरीपासून राखण करणारा, अडून बसला होता. स्क्रीनवर त्याचं उत्तर आलं: किल्ली नाही.

“किल्ली तर लावली आहे!” अमन खिडकीतून वाकून म्हणाला.

“ती आपल्याला दिसते, दादा. हिला दिसत नाही.” रत्नाला समजावून सांगायला आवडायचं. “किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेची रिंग असते, ती हाक मारते. चिपने ओ दिली तर पेट्रोल सोडायचं, नाहीतर नाही. मग चोर कितीही किल्ली फिरवू दे. घरात दुसरी किल्ली आहे ना? ती द्या.”

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

“ती बँकेच्या लॉकरमध्ये आहे,” अमन पडेल आवाजात म्हणाला. “दागिन्यांबरोबर.”

“आणि आज रविवार,” रत्नाने वाक्य पूर्ण केलं. सराफाच्या घरात किल्लीसुद्धा लॉकरमध्ये राहते, याचं तिला मनापासून हसू आलं. ते तिने लॅपटॉपच्या आड दडवलं.

तिच्या बॅगेत जुन्या गाड्यांच्या बिनकामाच्या किल्ल्यांचा जुडगा होता. त्यातली याच कंपनीची एक तिने रिंगजवळ धरली. स्क्रीनवर लगेच नवी ओळ उमटली: चुकीची किल्ली. शेठची किल्ली लावली, की पुन्हा तेच: किल्ली नाही. तिने तीनदा करून पाहिलं. म्हणजे गाडीचे कान ठणठणीत होते. परक्या किल्लीला ती ‘तू आमची नव्हेस’ म्हणून हाकलत होती, आणि घरच्या किल्लीची तिला चाहूलसुद्धा लागत नव्हती. गाडीचा कॉम्प्युटर बदलणं म्हणजे रोगी सोडून त्याच्या शेजाऱ्याला सुई टोचण्यासारखं होतं.

तिने पितांबरला फोन लावला.

“काय सांगस गाडी?” तिकडून आवाज आला.

“किल्ली नही म्हणस. दुसरी गाडीनी किल्ली लाई पाही, ती तिले ऐकू येस. घरनीच येत नही.”

 पितांबर हसला. “मंग आते गाडीले सोड, शेठले इचार. मालक एक गोट कायम दपाडस.”

चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याने काढलेलं हे सार होतं. गाडी काही लपवत नाही, लपवतो तो मालक. कुणी स्वतःच वायर कापलेली असते, कुणी मेव्हण्याला गाडी चालवायला दिलेली असते.

रत्नाने फोन चालूच ठेवून डॅशबोर्डवर ठेवला आणि किल्ली काढून हातात घेतली. डोक्यावर काळं रबरी कव्हर होतं, बाजारात मिळतं तसलंच. पण किल्ली जड होती. बॅगेतली दुसरी किल्ली तिने डाव्या तळहातावर ठेवली, ही उजव्या. सराफाच्या दारात आपण वजन करतोय, हे तिच्या ध्यानात आलं. शेठच्या तर ते आधीच आलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

“अमनदादा, प्यायला पाणी मिळेल का?” ती म्हणाली. “माठातलं आणा. फ्रिजचं सोसत नाही मला.”

अमन आत गेला. रत्नाने किल्ली पुढे केली.

“अमनला सांगू नको बेटी,” शेठ घाईघाईने कुजबुजले. “हसेल.”

त्यांनी रबरी कव्हर मागे ओढलं. आत किल्लीचं डोकं चांदीच्या पत्र्याने चारही बाजूंनी मढवलेलं होतं. घाटदार काम होतं, कुठे सांधा दिसत नव्हता.

“तिची पायल. एका पायाची. काल संध्याकाळी दहा वर्षांनी हातोडी धरली. म्हटलं, माहेरी चाललीय, तर आपल्या हातात असावी. आधी घुंगरू काढून ठेवले.” खिशातली कागदाची पुडी त्यांनी चाचपली. “मला काय माहीत, गाडीला हे चालत नाही?”

“गाडीला चालतं हो, चिपला चालत नाही. चारही बाजूंनी चांदी आली की हाक आत जात नाही, ओ बाहेर येत नाही.” रत्नाने पत्र्यावरून हलकेच बोट फिरवलं.  “काढावी लागेल, बाबूजी.”

‘शेठजी’ऐवजी तोंडून ‘बाबूजी’ कसं निघालं ते तिलाही कळलं नाही.

“लॅपटॉपवरून ते राखणच बंद करून टाक ना! मग काढायला नको.”

“करता येतं. पण मी करत नाही. तुम्ही तिजोरी उघडी टाकून घरी जेवायला जाल का? ज्या गाडीत त्या बसायच्या, ती उद्या कोणीही नेईल.”

शेठनी मान डोलावली. त्यांनाही कुलपाचा धंदा थोडाफार कळत होता.

रत्नाने वायर काढून लॅपटॉप मिटला, खाली उतरून बॅगेतली बारीक पक्कड आणि पत्रा कापायची कात्री काढली आणि स्वतः कापायला न जाता त्यांच्यापुढे धरली. शेठनी चष्मा पुसला. बोनेटवर रुमाल अंथरून त्यांनी किल्ली त्यावर ठेवली. पहिला काप देताना हात थांबला, पण दुसऱ्याला थांबला नाही. पत्रा सुटला. त्यातली एक अरुंद पट्टी त्यांनी पक्कडीने वळवून कडी केली, पुडीतला एक घुंगरू तिच्यात ओवला आणि कडी किल्लीच्या भोकात अडकवली. उरलेली चांदी रुमालात बांधून खिशात ठेवली. पाच मिनिटांचं काम. रत्ना तोंड उघडं टाकून पाहत होती. कारागीर कशाला म्हणतात हे तिला कळत होतं.

“एवढं चालेल ना तुझ्या चिपला?”

“पळेल.”

अमन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला तेव्हा वडील स्टिअरिंगवर बसत होते. त्याची नजर किल्लीकडे गेली. तो घुंगरू त्याने लहानपणापासून घरभर ऐकला होता. तांब्या हातात तसाच राहिला. “झालं दादा, चालेल आता,” रत्नाने सांगितलं, तसा त्याने खिशातून फोन काढला आणि टोइंगवाल्याला सांगितलं, “येऊ नका. झालं काम. हो, इथल्याच मिस्त्रींनी केलं. त्या बाई आहेत, हो. बाईच.” मग तांब्या रत्नाला देऊन तो निमूटपणे मागच्या सीटवर जाऊन बसला. डावीकडची उशी कुणी हलवली नाही.

शेठनी किल्ली फिरवली. तांबडा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. इंजिनाने पहिल्या झटक्यात पेट घेतला आणि त्या थरथरीने किल्लीखालचा घुंगरू छुमछुम वाजायला लागला.

रत्नाने डॅशबोर्डवरचा आपला फोन उचलून कानाला लावला आणि मागे सरकली. गाडी फाटकातून बाहेर पडली.

“लागनी ना?” पितांबर खुशीत विचारत होता. “मस्त आवाज शे. पन आठे मधमाच घुंगरू कोठे वाजनं?”

रस्त्याच्या वळणावर गाडीचा डावा इंडिकेटर लुकलुकला. ती दिसेनाशी होईपर्यंत रत्ना तांब्या हातात धरून उभी राहिली.

“शेठाणी बठनी गाडीमा,” ती म्हणाली.