तळ चाखणारा

"बुडाशी खळगा नीट राहू दे गं, याला समुद्राचा तळ चाखायचाय!" ओतारी आपल्या बायकोला म्हणाला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा गोळा आहे. मला दोरीला बांधून पाण्यात सोडतात. दोरीला गाठी असतात; कितवी गाठ भिजली, त्यावरून पाण्याची खोली कळते. खळग्यात साबण दाबून बसवतात. त्याला चिकटून तळाची वाळू, शिंपला, कधी एखादा रुसलेला खेकडाही वर येतो. समुद्राचं वरचं रूप सगळ्यांना ठाऊक. त्याच्या पोटातलं गुपित मात्र मी आणतो.

शिडाच्या एका होडीत मी राहतो. बाबा सुकाणू धरतात, आई शीड सांभाळते. लेक इतके प्रश्न विचारते, की आई तिला चौकशीबाईच म्हणते. होडी हेच त्यांचं घर आणि तीच रोजीरोटी. बरीच वर्षं मी कांद्यांच्या टोपलीमागे पडून होतो. धुकं असलं तरच माझी आठवण व्हायची. बाबांची नजर म्हणजे घारीची, मग मला कोण विचारतो?

पण यंदा तिघं लेकीच्या मामाच्या गावी कायमचं राहायला निघाले, आणि माझं नशीब उघडलं. उबदार किनारा संपता संपेना, आणि बाबा लख्ख उन्हात मला पुन्हा पुन्हा पाण्यात सोडायला सांगू लागले.

"आम्हाला अंघोळीला साबणाचा झिजका तुकडा, आणि या लाडोबाला ताजी वडी!" आई कुरकुरायची.

मी मात्र फुगून गेलो. वाटलं, माझा भाव वधारला! दिवसाउजेडी माझी गरज का पडावी, हा प्रश्न चौकशीबाईला पडला, मला नाही.

एका दुपारी बाबा म्हणाले, "तो बघ मामाने सांगितलेला पांढरा खडक! त्याच्या डावीकडून आत शिरू."

चौकशीबाईने मला सोडलं, वर ओढलं आणि नाक मुरडलं. "बाबा, मामा म्हणाला होता तिथे शिंपल्यांची वाळू लागते. हा तर काळा चिखल!"

"मामाला काय कळतंय? पुन्हा टाक."

पुन्हा चिखलच, आणि आता गाठीही कोरड्या राहू लागल्या. आईने डोळ्यांवर हात धरून किनारा न्याहाळला.

"अहो, खडक कसला? कुणीतरी चादर वाळत घातलीय!"

तिने झटकन शीड सैल सोडलं. होडीचा तळ चिखलात अलगद टेकला. भरती चढत होती, म्हणून निभावलं. पुढे काळे दगड होते.

मित्रांनो, मी गंजत नाही, मला तेलपाणी लागत नाही. माझं मागणं एवढंच आहे: घरातलं माणूस भर उजेडात चाचपडू लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसून विचारा. आईने तेच केलं.

"काय होतंय तुम्हाला? खरं सांगा."

बाबांनी सुकाणू घट्ट धरलं होतं. ते हळू म्हणाले, "पांढरं काहीतरी दिसलं, म्हणून खडक म्हटलं. अगं, मला लांबचं दिसत नाही. तुमच्या दोघींच्या बोलण्यावरून मी किनारा ओळखतोय. सांगितलं असतं तर होडी विकायला काढली असती तुम्ही… आता तूच धर सुकाणू."