नाव न लिहिलेली कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. नव्वद मिनिटांची माझी फीत. त्यातली चारच मिनिटं भरलेली. पण ती ग्लेंडाची आहेत, म्हणून मी स्वतःला कोरी समजत नाही.

एकोणऐंशी साली ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात खोकी भरणाऱ्या दोन मुलींनी चर्चच्या हॉलमध्ये मला भरलं. ग्लेंडा गायची, लोर्ना गिटार बडवायची. दोघींना मिळून तीन सूर येत होते. पण ग्लेंडाने तोंड उघडलं की अंगावर काटा यायचा.

"अगं, कॅसेटवर निदान नाव तरी लिही!" लोर्ना म्हणाली.

"नावं बड्या गायकांना लागतात. आपण पाठवतोय ती पंक संगीताच्या कंपनीतली माणसं नाव नाही, गाणं ऐकतात. पत्ता पाकिटामागे आहेच की. आणि ऐक, महिन्यात उत्तर आलं नाही, तर गाण्याचं नाव काढणार नाही. जन्मभर मासळी भरेन."

त्यांनी मला टपालाने पाठवलं ती लीड्समधली डेस्मंडची रेकॉर्ड कंपनी म्हणजे एका दुकानामागची खोली. रेकॉर्डची कव्हरं तिथे हातानेच चिकटवायची. काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा डेस्मंडचा बाणा. आलेलं पाकीट उसवून उलटं करायचा आणि त्यातूनच रेकॉर्ड पाठवायचा. बायको हेझल याला चिक्कूपणा म्हणे.

माझंही पाकीट त्याने उलटं केलं. पत्ता आत गेला, पाकीट रेकॉर्ड घेऊन बेल्जियमच्या एका गिऱ्हाइकाकडे गेलं आणि मी ढिगात पडले. ओरडले असते, पण माझ्यात भरलंय तेवढंच मला बोलता येतं.

तीन आठवड्यांनी त्याने मला लावलं. पहिल्याच कडव्याला त्याच्या हातातली कात्री गळून पडली.

"हेझल, धाव! कोण गं ही पोरगी?"

"मला काय विचारतोस? पाकीट बघ."

"पाकीट..." डेस्मंडचा चेहरा पांढराफटक पडला. "पाकीट मी पाठवून दिलं."

"घे! मिरव आता तुझा बाणा."

त्याने बेल्जियमला पत्र टाकलं. तिथे ते पाकीट केव्हाच शेगडीत गेलं होतं. मग गाण्याच्या साप्ताहिकात त्याने जाहिरात दिली: 'नाव न लिहिणाऱ्या मुली, तुझी रेकॉर्ड काढायचीय.' तोवर दोन महिने उलटले होते. ग्लेंडा ते साप्ताहिक दर गुरुवारी वाचायची. पण ती शब्दाची पक्की. महिना संपला तसं तिने तेही सोडलं असणार. कुणीच आलं नाही.

पुढे कंपनी बुडाली, हेझल वारली. परवा म्हाताऱ्या डेस्मंडने मला लावलं, तर फीत चिकटायला लागली. "आता लावली तर तुटेल," म्हणत त्याने मला डबीत घातलं. आता ग्लेंडाला ऐकणारं कुणीही उरलं नाही.

ग्रिम्सबीकडे गेलात तर तिला शोधाल का? साठी उलटली असेल तिची. सांगा, डेस्मंडने गाणं ऐकलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं. ते माझ्याच डबीत आहे, बिनपत्त्याचं. त्यात एकच ओळ आहे: 'काहीही झालं तरी गाणं सोडू नकोस.'